सज्ञान झाले, आता सही माझी

अठरा पूर्ण होताच फोन सुरू झाले. ‘मॅडम, तुमच्या नावावर क्रेडिट कार्ड मंजूर झालंय.’ ‘मॅडम, इंजिनिअरिंगला मॅनेजमेंट कोट्यातून जागा हवी का?’ मला मॅडम आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याहून धक्का बसला तो पलीकडच्या माणसाला माझी शाखा नि जिल्हा दोन्ही ठाऊक होतं म्हणून. ‘तुझा नंबर यांना दिला कुणी?’ आईनं विचारलं. काय सांगणार?

शेजारच्या काकू बँकेतून निवृत्त झाल्यात. त्यांनी समोर बसवून समजावलं. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणी केलेला जाहिरातवाला. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कार्ड विकणारा नियम मोडत असतो. १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवला की डीएनडीची, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी, नोंद होते; तरीही फोन आलाच तर ७ दिवसांत तिथेच तक्रार करायची. मी एसएमएस पाठवला. फोन कमी झाले, थांबले नाहीत. आपण एखाद्या कंपनीला संमती दिलेली असेल तर तिला डीएनडी अडवत नाही, म्हणे. पण अशी संमती माणूस देतो तरी कधी?

ते बँकेत कळलं. माझं लहानपणीचं खातं बाबांच्या सहीवर चालायचं. सज्ञान झाल्यावर केवायसी नव्यानं करावं लागतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर, सहीच्या चौकटीच्या अगदी वर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: भागीदार कंपन्यांकडून विमा, कर्ज, कार्ड यांची माहिती मिळण्यास माझी हरकत नाही. पुढच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच छापलेली! ‘हे नको असेल तर?’ मी विचारलं. ‘सगळेच करतात हो, करा सही.’ मी ती खूण खोडली आणि शेजारी सही केली. आधारची प्रत मागितली तेव्हा पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार दिलं, त्यावर आडवं लिहिलं: ‘फक्त या खात्याच्या केवायसीसाठी’, खाली तारीख. काही अडलं नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांवर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. अठरावा वाढदिवस झाला की हे कवच गळून पडतं. पहिला पगारही न पाहिलेल्या पोरांना कर्ज विकायला माणसं टपलेली असतात, याची मला खरोखर चीड येते. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असंही तो कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर आपणच डोळ्यांत तेल घालून वाचायचं.

आता कॉलेजचा प्रवेशअर्ज समोर आहे. त्यात बाबांचा पगार, आईचा मोबाइल, घरात गाडी आहे का, असं सगळं विचारलंय. यातलं प्रवेशाला नेमकं काय लागतं, ते कार्यालयात विचारल्याशिवाय मी एकही रकाना भरणार नाही.