उताऱ्यातले लहान शब्द

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजीची तयारी म्हणजे बहुधा शब्दांची वही. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज वीस शब्दांचं उद्दिष्ट आणि रविवारी उजळणी. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे 1949 सालचं पुस्तक अजूनही या टेबलांवर असतं. त्यात एका मूळ धातूवरून शब्दांचं सगळं कूळ उभं केलेलं आहे, आणि तो भाग खरोखर चांगला आहे. वहीत उतरताना मात्र नेमका तोच गळतो आणि सुटे शब्द तेवढे उरतात. या वहीमागचे कष्ट खरे आहेत, म्हणूनच ते चुकीच्या जागी पडताना पाहून वाईट वाटतं. आकलनाचा उतारा अवघड, भारदस्त शब्दांवर क्वचितच अडतो. तो अडतो पाचवी-सहावीत शिकून झालेल्या लहान शब्दांवर, वाक्याच्या बांधणीवर आणि ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थावर. सरावाचा मोठा वाटा तिथे गेला पाहिजे, हे माझं म्हणणं.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा अनिवार्य पेपर 300 गुणांचा असतो. त्यात निबंधाला 100, उताऱ्यावरच्या प्रश्नांना 75, सारांशलेखनाला 75 आणि व्याकरण व शब्दांना मिळून 50 गुण, अशी वाटणी बरीच वर्षं दिसते. सारांश म्हणजे दिलेला मजकूर एक-तृतीयांशात आणणं, आणि जे नीट वाचलेलं नाही ते कुणालाच आटोपशीर सांगता येत नाही. म्हणजे 300 पैकी 150 गुण थेट वाचनाचे झाले. हे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, पण 25 टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण जमेस धरले जात नाहीत. एवढं ज्यावर अवलंबून आहे, त्याच्या तयारीत सगळा वेळ सुट्या शब्दांना देणं हिशेबात बसत नाही.

आता ते लहान शब्द. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एका अक्षराचा फरक आहे. ‘अ फ्यू फार्मर्स’ना योजनेचा लाभ झाला म्हणजे काही शेतकऱ्यांना झाला, नुसतं ‘फ्यू फार्मर्स’ म्हटलं की जवळजवळ कुणालाच झाला नाही. पहिल्यात योजनेची बाजू घेतली आहे, दुसऱ्यात तिच्यावर टीका आहे, आणि लेखकाचा सूर विचारणारा प्रश्न नेमका इथेच बेतलेला असतो. ‘हार्डली’ दिसलं की ‘हार्ड’ आठवतो आणि क्वचित काम करणारा माणूस वाचणाऱ्याच्या मनात कष्टाळू होतो. ‘नथिंग बट’ म्हणजे फक्त तेच, ‘एनीथिंग बट’ म्हणजे ते तर मुळीच नाही, ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ. ‘बट’चा ‘पण’ हा एकच अर्थ हाताशी असला तर ही तिन्ही वाक्यं हातची जातात. पाठांतराच्या शब्दयाद्यांत हे क्वचितच सापडतात, कारण यादी करणाऱ्यालाही ते येतात असंच वाटतं.

त्याहून खोल अडचण बांधणीची आहे. मराठी वाक्य ‘ज्या शेतकऱ्यांनी कर्ज घेतलं, त्यांना’ असं चालतं. ओळख आधी पटते, मग मुख्य गोष्ट येते आणि क्रियापद शेवटी सगळं बांधून घेतं. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग ‘हू’ किंवा ‘विच’ लागून त्याची दोन ओळींची ओळख, आणि नंतर क्रियापद. मराठीत मुरलेली नजर क्रियापदापाशी पोहोचेपर्यंत मूळ कर्ता विसरते आणि जवळ दिसेल त्या नामाला ते क्रियापद जोडून टाकते. सगळे शब्द माहीत असूनही अर्थ चुकतो तो असा. यावरचा उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: लांब वाक्यातल्या मुख्य कर्त्याखाली आणि मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची, मधला मजकूर कंसात टाकायचा आणि उरलेलं वाक्य मराठीत एकदा म्हणायचं. रोज दहा वाक्यं केली तरी पुष्कळ.

ओळखीचे शब्दही फसवतात. बँकेत कर्ज ‘सँक्शन’ झालं म्हणजे मंजूर झालं, हे मराठी घरात सर्वांना ठाऊक असतं; उताऱ्यात एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले की तो शब्द नेमका उलट, निर्बंधाचा होतो. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, रस आणि हितसंबंधही. वहीत उजवीकडे एकच अर्थ लिहिण्याची सवय इथे नडते. त्यापेक्षा अख्खं वाक्य लिहून ठेवावं.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: शब्दच नसतील तर वाचायचं कसं? भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलेला हिशेब असा, की मदतीशिवाय मजकूर समजायला त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि वर्तमानपत्रं, कादंबऱ्यांसाठी त्याकरता आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपं, लागतात. रोज वीस म्हणजे वर्षाला 7,300, तेव्हा कागदावर यादी जिंकते. पण पाठ केलेलं किती झपाट्याने विरतं हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिलं आहे. शब्द टिकतो तो पुनःपुन्हा, वेगवेगळ्या संगतीत भेटला तर, आणि अशी भेट वाचनातच होते. शिवाय सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यातल्या बंगाली मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता वाचनाचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या 1953 सालच्या यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत, आणि सर्वसाधारण मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्यांवर चालतो. हे दोन हजार अनेक अर्थांसह पक्के नसताना नऊ हजारांमागे धावणं व्यर्थ आहे. एक सवलत मात्र द्यायला हवी. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी शब्द, वाक्प्रचार, शब्दसमूहासाठी एक शब्द असे प्रश्न थेट येतात. तिथे जुन्या प्रश्नपत्रिकांतून काढलेली यादी हवीच. फक्त ती झाकून स्वतःला विचारत पाठ करावी, नुसती पुन्हा वाचू नये.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे: मराठी माध्यमातल्या मुलांसाठी ही स्पर्धाच विषम आहे. आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 साली सीसॅट हा अभिक्षमता चाचणीचा पेपर आला, 2014 मध्ये त्यातल्या इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून दिल्लीत आंदोलन झालं आणि 2015 पासून तो पेपर 33 टक्क्यांपुरता पात्रतेचा उरला. तक्रारीत तथ्य होतं. तरीही मराठी वाचन हे इंग्रजी आकलनाच्या आड येतं, हा समज मला मान्य नाही. रेख्त आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. विषय माहीत असणं ही वाचनातली अर्धी ताकद आहे, आणि ती कोणत्याही भाषेत मिळवता येते. रिझर्व्ह बँकेने रेपो दर का वाढवला हे ज्याने मराठी अग्रलेखात नीट समजून घेतलं, त्याला त्याच विषयावरचा इंग्रजी लेख निम्मा आधीच कळलेला असतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच विषयावर, आधी मराठी आणि मग इंग्रजी वाचावं. सुरुवातीलाच इंग्रजी अग्रलेखाला भिडण्याची गरज नाही; साध्या बातम्या महिना-दोन महिने पुरतात.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा, यावर फार वाद घालू नये. ज्याला जे जमेल ते त्याने करावं. चुकलेल्या उत्तराचं काय करता, हे त्याहून महत्त्वाचं आहे. बरोबर पर्याय पाहून पान उलटू नका. चुकीसमोर कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, लहान शब्द निसटला, बांधणी उकलली नाही, की विषयच अनोळखी होता. वीस उतारे असे सोडवा, मग चारही कारणं मोजा आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक त्या आकड्यांवरून आखा.