गोवळ्यांचा डोंगर

मराठी कागदपत्रांतून आणि बखरींतून ज्या किल्ल्याचा उल्लेख 'गोवळकोंडा' असा येतो, त्या नावातील 'गोवळ' आपल्या वाचकांना परका नाही. संतांच्या काल्यात आणि गवळणींत तो पदोपदी भेटतो. तेलुगू भाषेत गुरे-मेंढरे राखणाऱ्यास 'गोल्ल' म्हणतात आणि डोंगराला 'कोंड'. दोन्ही शब्दांच्या पाठीशी 'गोपाल' उभा असावा हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञ नको. इंग्रजी अमदानीत या नावाचे 'गोलकोंडा' झाले आणि त्यातील गुराखी लोपला. मराठीने मात्र त्याला जतन केले. जगाला हा किल्ला हिऱ्यांमुळे माहीत आहे. त्याचे नाव मात्र हिऱ्यांचे नाही, सुलतानाचे नाही, एका मेंढपाळाचे आहे.

हल्ली आपल्या घरांतील मुले परदेशी लेखकांनी रचलेल्या कल्पित राज्यांच्या कादंबऱ्या मोठ्या आवडीने वाचतात. त्यांत मध्ययुगीन थाटाचे गड असतात, सरदार असतात, आणि गडाच्या पायथ्याशी हिरवीगार कुरणे असतात. ती कुरणे इंग्लंडमधली. तिथे पाऊस बारमाही, गवत बारमाही, आणि मेंढपाळ पावा वाजवीत स्वस्थ बसलेला. एखाद्या मराठी लेखकाने उद्या असे राज्य कल्पनेने उभे करायचे ठरवले, तर त्याने ती हिरवळ उसनी आणू नये; गोवळकोंड्याच्या माथ्यावर तासभर बसावे. दख्खनचा गोपालक कसा जगत होता, त्याचे राजाशी, शेतकऱ्याशी आणि देवाशी काय नाते होते, याची उत्तरे या परिसरात अजून सापडतात.

आधी भूमी पाहू. फत्ते दरवाज्यातून आत शिरून, मार्गदर्शकांच्या टाळ्यांचे प्रतिध्वनी ऐकत, साडेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून बालाहिसारला पोचावे. वाटेत सर्वत्र दिसतात ते प्रचंड गोलसर धोंडे, एकावर एक ठेवल्यासारखे. हा अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. अशा भूमीवर मातीचा थर पातळ, पाऊस बेताचा, आणि तोही चार महिन्यांत आटोपणारा. खडकांच्या बेचक्यांत पावसाळ्यात गवत उगवते आणि मार्गशीर्षापर्यंत पिवळे पडते. इथे नांगरापेक्षा काठीला काम अधिक. माणसाने जनावरांच्या मागे चालावे, जिथे गवत-पाणी असेल तिथे मुक्काम करावा, हा इथल्या निसर्गाचाच आदेश होता.

आख्यायिका अशी की एका मेंढपाळ मुलाला या टेकडीवर मूर्ती सापडली, ती वार्ता काकतीय राजाच्या कानी गेली आणि त्याने तिच्याभोवती मातीचा कोट बांधला. पुढे चौदाव्या शतकात तो कोट वारंगळकरांकडून बहमनींकडे गेला. १५१८ च्या सुमारास सुलतान कुली कुतुबशहाने येथे आपली सत्ता स्थापिली. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी निघाले असता मादण्णांच्या मध्यस्थीने कुतुबशहाला भागानगरात भेटले. आणि १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने किल्ला घेतला. एवढ्या उलथापालथीत मातीच्या कोटाचा मागमूस उरला नाही. पण माथ्याजवळ खडकाला टेकून जगदंबा महाकालीचे लहानसे देऊळ आहे, आणि आषाढात बोनालूचा उत्सव सुरू होतो तो प्रथम येथे. हळदकुंकू लावलेल्या घागरीत भात, दही, गूळ घालून, वर दिवा लावून स्त्रिया तो नैवेद्य डोक्यावरून गड चढवतात. 'बोनम्' हे 'भोजनम्'चेच रूप. नंतर सिकंदराबाद, त्यानंतर लालदरवाजा. पण पहिला मान गोवळ्यांच्या डोंगराचा.

भूमीनंतर चराईचा प्रश्न. कल्पित राज्यांतील मेंढपाळ कोणाला काही देणे लागत नाही. खऱ्या मेंढपाळाचे सारे आयुष्य या देण्याघेण्यातच जाते. आपल्याकडील धनगर पाऊस सरला की कोकणाकडे उतरतो आणि ज्येष्ठाच्या सुमारास देशावरच्या कोरड्या माळावर परततो. वाटेत तो शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात मेंढरे बसवतो. लेंडीखत शेताला मिळते आणि धान्य धनगराला. तेलंगणातील गोल्ल आणि कुरुमा यांचाही हाच शिरस्ता. शेतकरी आणि मेंढपाळ हे एकमेकांचे वैरी नव्हेत, जोडीदार आहेत. मात्र पाऊस चुकला, उभ्या पिकात कळप शिरला, की या जोडीदारीचे भांडण व्हायला वेळ लागत नाही.

असे एक भांडण तेलुगू लोकवाङ्मयात महाकाव्य होऊन बसले आहे. काटमराजू हा गोल्लांचा वीरनायक, काळ तेराव्या शतकाचा. दुष्काळ पडला तेव्हा तो आपल्या लोकांसह हजारो गुरे घेऊन नेल्लूरच्या मनुमसिद्धी राजाच्या कुरणांत गेला. चराईच्या मोबदल्याचा करार झाला, पुढे तो मोडला, आणि शेवटी घनघोर युद्ध झाले. राजाच्या बाजूने जो खड्गतिक्कन पडला तो तेलुगू महाभारताचा कर्ता महाकवी तिक्कन याच्या कुळातला. गवतासाठी झालेले युद्ध! आपल्या गावोगावच्या वीरगळांवर गाईंच्या रांगेपुढे लढणारा जो वीर कोरलेला असतो, तो याच जगातला. त्या काळी गोधन हीच संपत्ती होती, आणि ती लुटण्यासाठी व राखण्यासाठी रक्त सांडत होते. कल्पित राज्य रचणाऱ्याने सिंहासनासाठी होणारी युद्धे जरूर लिहावीत, पण एखादे तरी युद्ध गवतासाठी लिहावे. ही काटमराजूची कथा गोल्लांना गाऊन दाखवणारे कथेकरी आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या रंगीत लाकडी बाहुल्या व चित्रपट चेर्याल गावचे नकाशी कलावंत करीत आले आहेत.

चेर्यालच्या जवळच कोमुरवेल्ली आहे, आणि मराठी प्रवाशाला या मुलखात सर्वांत मोठा विस्मय वाटतो तो येथे. हैदराबादहून करीमनगरच्या रस्त्याने निघून दुद्देडापाशी वळावे. अंतर सुमारे ८५ किलोमीटर. डोंगराच्या कुशीत मल्लन्नाचे देवालय आहे. संक्रांतीपासून उगादीपर्यंत येथे जत्रा भरते, रविवारी विशेष गर्दी. हवेत हळद उधळलेली असते. तिला येथे 'बंडारी' म्हणतात. आपला 'भंडारा' तोच. देवाच्या दोन बायका: एक बलिज मेडलम्मा, व्यापारी कुळातली, दुसरी गोल्ल केतम्मा, मेंढपाळांची लेक. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नलगे. बाणाईसाठी खंडोबाने चाकर होऊन मेंढरे राखली, असे आपली लोकगीते सांगतात. पेठ आणि माळ, तराजू आणि काठी, स्थिर झालेला संसार आणि फिरता संसार, या दोहोंशी एकाच देवाने लग्न लावले. दख्खनच्या समाजरचनेचे याहून नेमके वर्णन कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

मल्लन्नाची कथा गातात ते ओग्गू. 'ओग्गू' म्हणजे शिवाचे डमरू. ते जमिनीवर रंगीत चूर्णांनी 'पट्टणम्' रेखतात आणि ढोलाच्या तालावर मल्लन्ना, बीरप्पा, यल्लम्मा यांची चरित्रे गातात. बीरप्पा म्हणजे आपल्या धनगरांचा बिरोबा. त्याच्या ओव्या सांगली-सोलापूरकडे आजही घुमतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांबरोबर हिंडून या दैवतांचा अभ्यास केला, त्याचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मधील 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठोबाचे मूळही गोपजनांच्या दैवतात शोधले. भाषांच्या सीमा कारकुनांनी आखल्या. देव मेंढरांच्या वाटेने गेले आणि त्यांना कोणत्याच नाक्यावर अडवले गेले नाही.

एक वस्तू मात्र या वाटेवरून नाहीशी होत चालली आहे. आपण जिला घोंगडी म्हणतो तिला तेलंगणात 'गोंगडी' म्हणतात. दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची ही घोंगडी म्हणजे मेंढपाळाचे अंथरूण, पांघरूण, पावसातील खोळ आणि देवाचे आसन. पण या मेंढीच्या जागी मांसासाठी वजनदार, लोकर नसलेल्या मेंढ्या येत गेल्या. २०१७ साली तेलंगण सरकारने गोल्ल-कुरुमांना वीस मेंढ्या व एक नर अशा संचांचे मोठ्या अनुदानाने वाटप सुरू केले, तेव्हाही मेंढ्या शेजारच्या राज्यांतून आणाव्या लागल्या. हेतू चांगला होता. पण या मेंढीला कात्री लावून घोंगडी होत नाही. कातरणी संपली की सूत संपते, सूत संपले की माग थांबतो, आणि मागाबरोबर त्या कामातले दोन भाषांना जोडणारे शब्दही गप्प होतात. बालाहिसारवरून पश्चिमेकडे पाहावे, जिथे माळ होता तिथे काचेच्या इमारती चमकतात. त्यांत आपलीच मुले नोकरीला आहेत, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचे कुलदैवत खंडोबा आहे. लग्नानंतर जेजुरीला जाणे जमले नाही की वडीलधाऱ्यांच्या मनाला रुखरुख लागते. जेजुरी आपल्या जागी आहेच, पालीही आहे, नांदेडकडचे माळेगावही आहे. पण तळी उचलण्यापूर्वी एकदा कोमुरवेल्लीला जाऊन यावे, मुलांना बरोबर न्यावे, आणि ओग्गूची कथा कोणा तेलुगू शेजाऱ्याकडून समजावून घ्यावी. जमलेच तर तिथल्या बाजारात विचारून एखादी खऱ्या लोकरीची गोंगडी घ्यावी. ती अंगाला टोचते. पण चांगली विणलेली असली तर पावसाचे पाणी सहसा आत येऊ देत नाही, आणि घरातल्या मुलाला एखाद्या राज्याची गोष्ट लिहावीशी वाटली, तर तिला हात लावून त्याला सुरुवात करता येईल.