निशिकासाईतली शेजारीण

विरार लोकलच्या लेडीज डब्यात ओळख करून घ्यावी लागत नाही, ती आपोआप होते. ‘कुठे उतरणार?’ इथून सुरुवात होते आणि महिन्याभरात समोरचीच्या मुलीचं स्थळ, सासूचे गुडघे, सोसायटीतला पाण्याचा टँकर असं सगळं आपल्या घरचं होऊन बसतं. कुणी मांडीवर गवार मोडत असते, कुणी चौथ्या सीटवर अर्धवट टेकून डुलकी काढते, दसऱ्याला डब्यात झेंडूची तोरणं लागतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुटली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. आमच्याकडच्या कितीतरी बायकांना जन्माच्या मैत्रिणी त्या गाडीने दिल्या.

टोकियोत मी तोझाई लाइनने कामाला जाते. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात कोरोनाआधी क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी नोंदली गेली होती. जपानातली सर्वांत वाईट. विरारकराला त्या गर्दीचं काही वाटत नाही. जड जाते ती शांतता. रोज तीच गाडी, तोच दरवाजा, तेच चेहरे, आणि कुणी कुणाला मान हलवूनही ओळख देत नाही. नवीन आलेली आपली मंडळी याला कोरडेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतक्या दाटीत दुसऱ्याला निदान आवाजाचा तरी त्रास होऊ नये, ही त्यांची माया आहे. फक्त त्या मायेतून मैत्री होत नाही, ती दुसरीकडे शोधावी लागते.

पहिला आसरा अर्थात आपल्या माणसांचा. एदोगावा वॉर्डातल्या आमच्या निशिकासाईत चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७९ मध्ये राहायला आले. २००० सालाच्या संगणकी घोळाच्या निमित्ताने भारतीय इंजिनियर येऊ लागले, तेव्हा परदेशी माणसाला घर द्यायला घरमालक तयार नसत, जामीन मागत. चंद्राणींनी त्या मुलांसाठी खटपट केली; जामीन न मागणाऱ्या सार्वजनिक वसाहतींमध्ये भारतीय कुटुंबं स्थिरावली. २०१९ मध्ये तर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस या वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. टोकियो मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहिलं की घशाशी आवंढा येतो. ते हवंच. पण तेवढ्यावर थांबलेली माणसं वर्षानुवर्षं इथे राहूनही या शहराची पाहुणीच राहतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या वसईचा एक माणूस या देशात साडेचारशे वर्षांपूर्वी येऊन गेला. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट मिशनऱ्यांबरोबर आला, जपानी शिकला, पुढे व्यापार केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ मध्ये परतला तो दुभाष्या म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये तो संत झाला आणि वसईतलं कॉलेज आज त्याच्या नावाने चालतं. त्याच्या हौतात्म्याबद्दल आमच्याकडे लहानपणापासून ऐकायला मिळतं. मला आता त्याची आधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात, बाजारात उभं राहून परक्या भाषेत भाव करायची. कुणाच्या तरी कामी येता येता तो तिथला झाला असणार.

माझ्याकडे ते काम ‘काइरानबान’मधून आलं. क्लिप लावलेला पुठ्ठा, त्यावर वस्तीच्या सूचना आणि घरांची यादी. वाचायचं, आपल्या नावापुढे खूण करायची आणि शेजारच्या दाराशी नेऊन द्यायचं. मला कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, वाचता येत नसत, म्हणून मी तो पुठ्ठा दाराला न अडकवता बेल वाजवून शेजारच्या आजींच्या हातात देऊ लागले आणि प्रत्येक कागदावर बोट ठेवून विचारू लागले. त्या चष्मा लावून, बोट फिरवत, सावकाश वाचून दाखवत. कचरा कधी, बागेची सफाई कधी, उन्हाळ्यातला बोन नाच कधी. आधी दारात उभ्याउभ्या, मग आत चहा. त्यांच्या मुलाचं पत्र आलं की आता तेही वाचलं जातं. मी पोह्यांचा डबा नेते. कढीपत्ता त्या काढून ठेवत नाहीत, चावून खातात.

एदोगावाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघर वाटलेल्या पूर-नकाशावर ‘इथे थांबू नका’ असं सरळ लिहिलं होतं. जुलैतली वसई पाहिलेल्या माणसाला ते दोनदा सांगावं लागत नाही. पण नव्या कुटुंबांना तो नकाशा वाचता येत नाही. म्हणून यंदाच्या पुराच्या कवायतीत आजींनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं आहे: पाणी चढलं तर कधी निघायचं, कुठल्या दिशेने जायचं, सोबत काय घ्यायचं, हे मराठीत आणि हिंदीत मी सांगायचं. रविवारी सकाळी नऊला, शाळेच्या मैदानावर. कर्णा त्यांनी कालच आणून दिला.