नव्या नगराची प्रारंभिक शिल्लक

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीच्या इमारतीवरची पाटी खाली उतरली. रंगाऱ्याने तोच पत्रा घासून पांढरा केला आणि त्यावर ‘नगरपंचायत कार्यालय’ ही नवी अक्षरे काढली. समोरच्या भुसार दुकानाच्या गादीवरून काकाजी हे सारे पाहत होते. पंचेचाळीस वर्षे त्या गादीवर बसलेल्या या वृद्ध व्यापाऱ्याने शेजाऱ्याला एवढेच म्हटले, “पाटी बदलायला एक दिवस पुरतो, पेढी बसवायला पिढी लागते.”

गावाचे नगर होणे लोकांना अचानक घडल्यासारखे वाटले, तरी त्यामागे बराच कायदेशीर प्रवास होता. संविधानाची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या वस्त्यांसाठी ‘नगरपंचायत’ ही संस्था अस्तित्वात आली. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात तिची तरतूद करण्यात आली. पुढे २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचा निर्णय घेतला, आणि हे गावही त्या ओघात नगर झाले.

पेठेत मात्र आनंदापेक्षा शंकाच अधिक होत्या. जकात नाका पुन्हा येणार काय, असे काही वयोवृद्ध व्यापारी विचारू लागले. वास्तविक नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच रद्द झाली होती. वाड्या-वस्तीवरील मजुरांची चिंता निराळी होती. ग्रामीण रोजगार हमीची केंद्रीय योजना ग्रामीण क्षेत्रापुरतीच. गाव नगर झाले की तिचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. वर्षातून काही वेळा का होईना, कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता. नगरपंचायतीच्या रचनेत तशी सभा नाही. तेथे सभागृह असते नगरसेवकांचे.

निवडणूक होईपर्यंत तहसीलदारांनी प्रशासक म्हणून कारभार पाहिला. गावाचे १७ प्रभाग पाडण्यात आले, आरक्षणाची सोडत झाली. निम्म्या जागा स्त्रियांसाठी, म्हणजे १७ पैकी ९. पेठेचा प्रभाग सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव निघाला आणि व्यापारी मंडळी काकाजींच्या घरी आली. त्यांची धाकटी सूनबाई बी.कॉम. झालेली, दुकानाचे सारे हिशेब संगणकावर तीच पाहत असे. “घरातले माणूस सभागृहात असले म्हणजे पेठेला काळजी नाही,” असे मंडळींनी सांगितले. काकाजींनी सूनबाईंकडे पाहिले. तिने विचार करायला एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी होकार दिला. वर्षाच्या अखेरीस ती निवडून आली.

त्या वेळी नगराध्यक्षांची निवड नगरसेवकांमधूनच होत असे. ती झाली, हारतुरे झाले, आणि मग शासनाने नियुक्त केलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी नव्या सदस्यांपुढे ग्रामपंचायतीकडून आलेले दप्तर ठेवले. नमुना ८, म्हणजे करआकारणीची नोंदवही. नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही. रोकडवह्या, मोजमापाच्या वह्या, पावती पुस्तके. नगरपंचायतीचे लेखे आता द्विनोंदी पद्धतीने ठेवायचे होते. त्यासाठी प्रथम प्रारंभिक ताळेबंद सिद्ध करणे आवश्यक होते. नावे आणि जमा यांच्या संस्कारात वाढलेल्या व्यापारी घराला ही भाषा परकी नव्हती. सूनबाईंनी ते काम पाहण्याची तयारी दर्शविली.

ताळेबंद मांडू लागल्यावर गावाचे खरे रूप दिसू लागले. मालमत्तेच्या बाजूला पाण्याची टाकी, बाजारतळाची जागा, काही गाळे, रस्ते, दिव्यांचे खांब. देण्याच्या बाजूला पाणीपुरवठ्याच्या पंपाचे थकलेले वीजबिल, ठेकेदारांची देणी आणि कर्मचाऱ्यांचे वेतन. कर्मचाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड होता. ग्रामपंचायतीतील सेवकांचे नगरपंचायतीत समावेशन व्हायचे, तर ते शासनाने मंजूर केलेल्या आकृतिबंधानुसार आणि शैक्षणिक पात्रता पाहून व्हायचे. वीस वर्षे झाडू मारणाऱ्या बाईकडे शाळेचा दाखला कोठून असणार? पहाटे पेठ झाडणारी एक विधवा सफाई कामगार त्यांपैकीच होती. तिचा प्रस्ताव प्रलंबित होता आणि चार महिने तिला पगार नव्हता. तरी पेठ रोज झाडलेली असे.

नमुना ९ मधील थकबाकीची पाने वाचताना सूनबाईंना आणखी एक आश्चर्याची गोष्ट आढळली. कर थकला होता तो मुख्यतः पक्क्या इमारतींचा. झोपडीवजा घरांचा कर लहान असला तरी बहुतांशी भरलेला होता. कारण विचारता जुन्या लिपिकाने सांगितले, “गरिबाला दाखला लागतो, ताई. दाखल्याला आला की तो आधी घरपट्टी भरतो. मोठ्या माणसाला आमच्या दारात यावेच लागत नाही.”

त्याच वहीत तिने आपल्या दुकानाचे पान काढले. दुकानाची नोंद होती, वरच्या माडीची होती. मागच्या अंगाला वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या गोदामाची नोंद मात्र नव्हती. कोणी मोजायला आले नव्हते. कोणी सांगायलाही गेले नव्हते.

नवी आकारणी होईपर्यंत ग्रामपंचायतीचे जुनेच कर चालू राहतात. ते कायम चालू राहावेत, असे पेठेला वाटणे स्वाभाविक होते. नगरपंचायतीच्या पद्धतीत इमारतीला वर्षभरात किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज बांधतात. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर सभागृहाने ठरविलेल्या दराने कर बसतो. उदाहरणार्थ, वार्षिक भाडेमूल्य ६०,००० रुपये धरले, तर ६,००० वजा जाऊन कर ५४,००० रुपयांवर आकारला जाईल. चौकातल्या दुकानाला भाडे अधिक, म्हणून करही अधिक. पेठेचा विरोध होता तो येथे.

एका रविवारी व्यापारी मंडळींची बैठक काकाजींच्याच गादीवर भरली. मोजणीचा ठरावच पुढे ढकलावा, आणि ते काम पेठेच्या नगरसेविकेने करावे, असे बहुतेकांचे मत पडले. “सूनबाई, तुम्हाला आम्ही याचसाठी निवडून दिले,” असेही एकाने बोलून दाखविले.

सूनबाई उभ्या राहून नम्रपणे बोलल्या. चौदाव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानाचे दोन भाग केले होते. ८० टक्के मूलभूत आणि २० टक्के कामगिरीवर. दुसरा भाग मिळण्यासाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत, सेवांची ठरलेली मानके प्रसिद्ध करायला हवीत आणि स्वतःचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा वाढलेले दाखवायला हवे. “स्वतःचा कर वसूल न करणाऱ्या नगराला बाहेरचा पैसाही कमी मिळतो,” असे तिने सांगितले. गटार, घंटागाडी, दिवे हे सर्व पेठेलाच प्रथम हवे आहे, याचीही आठवण दिली. बैठक निर्णयाविना संपली. चहाचे पेले तसेच राहिले.

रात्री जेवणे झाल्यावर ती काकाजींच्या खोलीत आली.

“बाबूजी, एक सांगायचे आहे. आपले गोदाम नमुना ८ मध्ये नाही.”

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला ठाऊक आहे, बेटा. बांधले तेव्हा ग्रामसेवक म्हणाला, येईन मोजायला. आला नाही. मीही पुन्हा विचारले नाही.”

“मी उद्या सभेत मोजणीच्या बाजूने बोलले, आणि कोणी आपलेच गोदाम दाखवले, तर?”

“आणि बोलली नाहीस, तर?”

“तर ठराव लांबेल. वर्षभर कोणी काही विचारणार नाही.”

काकाजींनी उठून कपाटातली जुनी लाल वही काढली. गोदामाच्या बांधकामाचा खर्च त्यात पानोपान लिहिलेला होता. विटा, वाळू, लोखंड, गवंड्याची मजुरी. “आपल्या वहीत आहे ते गावाच्या वहीत नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग सूनबाईंना म्हणाले, “पहाटे दुकान उघडायच्या आधी ती बाई ओटा झाडून जाते. चार महिने पगार नाही हे मला तुझ्याकडून कळले. तिने कधी सांगितले नाही. वीस वर्षे त्या गोदामातला कचराही तिनेच उचलला. अर्ज लिही. सही मी करतो.”

दुसऱ्या दिवशी काकाजी स्वतः रस्ता ओलांडून नगरपंचायतीत गेले आणि आपल्या गोदामाची मोजणी करून नोंद घ्यावी असा अर्ज त्यांनी आवक-जावक खिडकीवर दिला. पोच घेतली. ही वार्ता दुपारपर्यंत पेठभर झाली. सर्वसाधारण सभेत मोजणीचा ठराव थोड्या मताधिक्याने संमत झाला.

त्याचे मोल घराला द्यावे लागले. तीस वर्षे रोज सकाळी काकाजींसोबत चहा घेणारे शेजारचे कापड व्यापारी येईनासे झाले. लग्नाच्या एका पंगतीत कोणीतरी “आता शेठजींनी सरकारी नोकरी धरली” असा टोमणा मारला. थोरल्या मुलानेही घरात नाराजी बोलून दाखविली. एकट्याने पुढे होऊन काय मिळाले, असा त्याचा प्रश्न होता. काकाजींनी त्यावर वाद घातला नाही. सूनबाईंना मात्र काही दिवस जेवण गोड लागले नाही, कारण अर्ज तिच्या अक्षरात होता.

मोजणी झाली, नगररचना विभागाच्या अधिकाऱ्यांनी मूल्ये निश्चित केली आणि करआकारणीची यादी हरकतींसाठी प्रसिद्ध झाली. प्रत्येकाला नोटीस मिळाली. हरकत घेण्यास किमान तीस दिवसांची मुदत होती. एका संध्याकाळी कापड व्यापारी पुष्कळ दिवसांनी गादीवर आले. हातात नोटीस होती. त्यांच्या दुकानाच्या मागील मोकळ्या अंगणावर पत्रे आहेत असे समजून ते क्षेत्रही बांधकामात धरले गेले होते. काकाजींनी आतून सूनबाईंना बोलावले. तिने नकाशा पाहिला, चूक मान्य केली आणि तेथेच बसून त्यांची हरकत लिहून दिली. सुनावणीत ती मंजूर झाली व क्षेत्र कमी झाले. मोजणीमुळे कर फक्त वाढतो असे नाही, चुकलेला कमीही होतो, हे पेठेला प्रथमच दिसले. त्यानंतर हरकतींचे अर्ज लिहून घेण्यासाठी पेठेतील बरीच मंडळी येऊ लागली. काहींचे म्हणणे रास्त होते, काहींचे नव्हते. सूनबाई दोन्ही प्रकारचे अर्ज लिहून देत. मात्र कोणते टिकणार नाही हे आधीच सांगत.

ग्रामसभा नाहीशी झाल्याची रुखरुख तिला होतीच. तिने सुचविल्यावरून दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा गोषवारा कार्यालयाबाहेरील फलकावर लावला जाऊ लागला. प्रारंभी कोणी वाचत नसे. पुढे बाजारच्या दिवशी दहा-पाच माणसे फलकापुढे थांबू लागली आणि आकड्यांवर प्रश्न विचारू लागली. मुख्याधिकाऱ्यांना ते फारसे रुचत नसे. पण फलक राहिला.

नव्या नगराचे सारे प्रश्न त्यामुळे सुटले असे नाही. पेठेतील गटार अर्ध्यावर आहे, विकास आराखड्याचे काम लांबले आहे, आणि त्या सफाई कामगार बाईंचा समावेशनाचा प्रस्ताव अद्याप मंत्रालयाच्या वाटेवरच आहे. एवढे खरे की तिचा थकलेला पगार दोन हप्त्यांत मिळाला आणि त्यानंतर महिन्याच्या महिन्याला मिळू लागला.

त्या वर्षीच्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर काकाजींनी मुनीमजींना नव्या वहीत एक नवे खाते उघडण्यास सांगितले. आजवर घरपट्टी किरकोळ खर्चात पडत असे. मुनीमजींनी पानाच्या माथ्यावर सुवाच्य अक्षरांत ‘नगरपंचायत’ असे लिहिले, आणि काकाजींनी गोदामाच्या कराची पहिली पावती त्यांच्यापुढे ठेवली.