जुनं लाकूड, जुना रंग

बदलापूरला वन बीएचके घेतला की पगाराचे तीन भाग होतात. पहिला बँकेचा. दुसरा सोसायटी, लाइट बिल आणि लोकलच्या पासाचा. तिसरा महिन्याच्या वीस तारखेपर्यंत दिसतो, मग दिसत नाही. ह्या तिसऱ्या भागातून बेडरूम उभी करायची होती. बजेट ठरलं पंधरा हजार. बायको सातव्या महिन्यात माहेरी, म्हणजे अंबरनाथला, दोनच स्टेशनं... छे, एकच स्टेशन अलीकडे. हातात मोजके वीकएंड, आणि त्यानंतर ती खोली तिघांची होणार.

आमच्या कर्जत लाइनीवर फर्निचरचा विषय निघाला की माणूस उल्हासनगरला जातो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन राहिली, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. पण लोक अजून पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच म्हणतात. रिकाम्या हातांनी आलेल्या लोकांनी धंदा उभा केला, त्यामुळे इथे नवी वस्तूही मिळते आणि वापरलेलीही.

जुनं घेताना काय बघायचं? पुढची बाजू सगळे बघतात, तुम्ही मागची बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि कडा तपासा. पार्टिकल बोर्ड असेल तर दाबलेला भुसा लगेच दिसतो. बदलापूरच्या पावसात तो फुगतो, आणि एकदा फुगला की कुठलाही रंग त्याला वाचवत नाही. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर किडा अजून कामावर आहे. पायांच्या तळाशी पाण्याची रेघ आहे का तेही पहा. २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीचं पाणी आमच्याकडे घरांत शिरलं होतं, त्यामुळे ही तपासणी इथे आपोआप अंगवळणी पडते.

मला सागवानी पलंग मिळाला सात हजारांत, आणि देवदाराचं, चार ड्रॉवरचं बुटकं कपाट अठराशेला. छोट्या हत्तीचे बाराशे.

रंगकाम शिकवलं आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या पेंटरकाकांनी. त्यांचा पहिला नियम: सागवानाला रंग मारायचा नाही. त्याला चपडा आणि स्पिरिटचं पॉलिश, तेही दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत हे पॉलिश पांढुरकं पडतं. देवदाराला मात्र खुशाल रंग द्या. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने. भोकांत लांबी भरायची, वाळली की २२० नंबरचा पेपर. मग प्रायमरचा एक हात, रात्रभर वाळवणं, पुन्हा हलका पेपर, आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. म्हणजे पाच दिवस तयारी आणि दोन तास रंग. आपल्याकडे टेस्टिंगला मिळणारा वेळ आठवला आणि हसू आलं.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. मग पाळणा आला.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं शिकलाच आहात तर पाळण्यालाही एक हात मारा." लाकडी, चारी बाजूंना कठडा असलेला. एका ठिकाणी टवका उडाला होता, तिथे थर दिसत होते. वर गुलाबी, खाली हिरवा, त्याखाली गडद पिवळा. आमच्या भाषेत लेगसी कोड. आत कोणी काय लिहून ठेवलंय कोणालाच माहीत नाही.

भारतात घरगुती रंगांमधलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते. शिसं हाडांत साठतं, गरोदर बाईकडून बाळापर्यंत पोचतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. अमुक इतकं चालतं असं सुरक्षित प्रमाण जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. वरून नवा रंग मारून झाकता येईल? भिंतीकडेच्या कपाटाला एक वेळ ठीक. पण पाळण्याचा कठडा बाळ दात येताना चावणारच.

हे सगळं मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या दोन्ही मुली ह्यातच वाढल्या. काय कमी आहे त्यांच्यात?"

आता ह्याला जावयाने काय उत्तर द्यावं! त्यांच्यातली एक तर समोरच बसली होती.

वाचवलं सासऱ्यांनी. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगद्रव्यांच्या कारखान्यात त्यांची नोकरी गेली. चष्मा लावून त्यांनी टवका पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हा क्रोम यलो दिसतोय. म्हणजे लेड क्रोमेट. आम्ही हातमोजे घालून पोती उचलायचो." मग पेपर वाचायला लागले.

सासूबाई त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. मला ते समजत होतं. त्यांना पाळणा रंगवून नको होता, त्यांना आपल्या घरातलं काहीतरी त्या बाळाखाली हवं होतं. ते पीपीएममध्ये मोजता येत नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी कपाटातून एक जुनं, मऊ झालेलं नऊवारी लुगडं काढून ठेवलं होतं. त्यांच्या आईचं. "झोळी बांधू," म्हणाल्या. "हे सुती आहे, धुतलेलं आहे. ह्यात तर तुमचं शिसंबिसं नाही ना?"

नाही, म्हटलं.

पाळणा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. पलंगाला पॉलिश झालं, कपाट फिकट निळं झालं, सामानासकट खर्च बारा हजारांच्या आत. खिडक्या उघड्या ठेवून वास जायची वाट बघतोय. उरलेल्या पैशांतून छतात झोळीसाठी एक भक्कम हुक बसवून घेणार आहे. त्यात मात्र काटकसर नाही.