पुस्तकाआधीचा प्रश्न

ताराबाई शिंदे यांचे १८८२ साली प्रसिद्ध झालेले ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक कसलीही पूर्वमाहिती नसताना वाचायला घेतले, तर आधी जाणवतो तो नुसता संताप. भाषा तिखट, वाक्ये धावती. देव, पुराणे, नाटके, नवरे, सगळ्यांचीच झाडाझडती. बाई इतक्या कोणावर चिडल्या आहेत ते उमगत नाही आणि लेखन विस्कळीत वाटू लागते. मग आदल्या वर्षीचा सुरतेचा खटला कळतो. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले नवजात मूल मारल्याचा आरोप सिद्ध झाला, फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात फाशीऐवजी काळे पाणी आले. वर्तमानपत्रांतून मात्र साऱ्या स्त्रीजातीच्या वर्तनाचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला दिलेले हे उत्तर आहे. ज्याचे उत्तर दिले तो प्रश्नच कानावर पडला नसेल, तर उत्तर आरडाओरड्यासारखे वाटणारच.

संदर्भ आणखी थोडा खणावा. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता, म्हणजे खटल्याच्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. पण त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला, आणि उच्च जातींत तिला घरात घेणारे मोजकेच होते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, ते याच कोंडीमुळे. हे ध्यानात घेतले की ताराबाई बायको गेलेल्या पुरुषाची आणि नवरा गेलेल्या बाईची स्थिती शेजारी शेजारी का मांडतात ते कळते. विस्कळीत वाटलेला मजकूर म्हणजे मुद्देसूद उलटतपासणी असते.

यावर म्हणतात, की चांगले लेखन स्वतःच्या पायावर उभे राहते, त्याला इतिहासाची कुबडी कशाला? ताराबाईंचा आवेश आजही थेट भिडतो, हे खरेच. पण आवेश जाणवणे आणि त्याची किंमत कळणे यांत अंतर आहे. त्या काळी बाईने असे छापून आणणे म्हणजे काय होते, हे शैलीतून समजत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संदर्भ सांगता सांगता आपण जुन्या अन्यायाला माफी देतो, ‘तो काळच तसा होता’ म्हणून मोकळे होतो. मला वाटते, ही पळवाट अर्धवट संदर्भातून निघते. त्याच काळात ताराबाई बोलत होत्या, फुले त्यांची बाजू घेत होते. काळ पुरता समजला की त्यातले विरोधी आवाजही ऐकू येतात, आणि तेव्हा कोणाला कळत नव्हते ही सबब टिकत नाही.

लिहिणाऱ्यासाठी तर हे अधिकच निकडीचे आहे. एकोणिसाव्या शतकातली विधवा कथेत आणायची आणि तिच्या तोंडी आजची भाषणे घालायची, हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. कारण तिला खरोखर किती वाटा बंद होत्या हे त्यात लपते आणि तिने काढलेल्या वाटेचे मोल उरत नाही. ताराबाईंचे पुस्तक पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. शब्द तेच होते, पण ते ऐकण्यासाठी लागणारे भान तोवर वाचकांत तयार होऊ लागले होते. पुस्तक जपायचे तर त्याच्यासोबत ते का लिहावे लागले हेही जपले पाहिजे.