वैमानिकाचे डोळे

लोहगावच्या धावपट्टीवरून उडालेले लढाऊ विमान माथ्यावरून गेले की आमच्या शाळेतील अध्यापन आपोआप थांबे. मराठीचा तास असो की गणिताचा, ती गर्जना विरेपर्यंत शिक्षकांनी हातात खडू धरून स्वस्थ उभे राहावे आणि मुलांनी खिडकीकडे माना वळवाव्यात, असा जणू अलिखित नियमच होता. त्या आवाजाने किती बालमनांत वैमानिक होण्याची आकांक्षा पेरली असेल, कोण जाणे! मात्र प्रत्येक वर्गात एखादे तरी चष्मा लावणारे मूल असे, आणि आकाश शांत झाले की त्याचा ठरलेला प्रश्न येई, "सर, चष्मा असला तर विमान चालवता येते का?"

प्रवासी विमानांचे कितीतरी वैमानिक चष्मा लावतात. लढाऊ विमानाची गोष्ट निराळी आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात २५० मीटर अंतर तोडते. समोरून तितक्याच वेगाने दुसरे विमान येत असेल, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटर घटत जाते. क्षितिजावरचा ठिपका घार आहे की विमान, हे ओळखण्यास अवधी तो किती मिळणार! त्यातच विमानाने वेगात वळण घेतले की वैमानिकाच्या अंगावरील प्रत्येक वस्तू कित्येक पटींनी जड होते. नाकावरच्या चष्म्याला त्यातून सूट नाही. म्हणून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराकडून चष्म्याविना एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ दृष्टीची अपेक्षा केली जाते. ६/९ म्हणजे निर्दोष डोळ्याला जे अक्षर ९ मीटरवरून वाचता येते, ते ६ मीटरवरून वाचता येणे.

मी सेवानिवृत्त झाल्यावर एके दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांसह घरी आली. वडील एस.टी.चे चालक. मुलगी अठरा वर्षांची, नुकतीच बारावी झालेली, चष्म्याचा नंबर उणे पावणेदोन. २०२२ साली प्रबोधिनीचे दरवाजे मुलींना उघडले, तेव्हापासून तिने दुसरा ध्यास घेतला नव्हता.

"सर, या दिवाळीच्या आत हिच्या डोळ्यांचे लेसरचे ऑपरेशन उरकून टाकतो," वडील म्हणाले. "पतपेढीचे कर्ज मंजूर झाले आहे. चष्मा गेला की वाट मोकळी. तुम्ही फक्त हा अर्ज तपासून द्या."

अर्ज मी बाजूला ठेवला आणि प्रवेशाची माहितीपत्रके मागितली. मी मराठीचा शिक्षक. वैद्यकातले मला काय कळणार? परंतु उतारा नीट वाचून त्यातील प्रत्येक शब्द तेथे का आला हे विचारावे, एवढे मी आयुष्यभर शिकवीत आलो होतो. आम्ही तिघे ती पत्रके घेऊन बसलो. पुढे एका नेत्रवैद्यांकडून एकेका आकड्याचा अर्थही समजून घेतला.

पहिला आकडा २० वर्षांचा होता. त्या वयाआधी लेसर शस्त्रक्रिया झालेली असल्यास उड्डाण शाखेसाठी उमेदवार अपात्र ठरतो. प्रबोधिनीत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातच मिळतो. म्हणजे लेसर करून त्या दारातून वैमानिक होण्याची वाटच नव्हती! हे उमगताच मुलीचा चेहरा उतरला. वडील काहीसे चिडून म्हणाले, "अठराव्या वर्षी करा की विसाव्या, डोळा तोच ना?"

डोळा तोच नसतो. वाढत्या वयात शरीराबरोबर तोही वाढतो. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो; तो याहून लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते व दूरचे अंधुक दिसते. नंबर स्थिर होण्यापूर्वी शस्त्रक्रिया केली आणि डोळा पुढेही वाढत राहिला, तर चष्मा परत येतो. वाढत्या मुलाला बेतून शिवलेला सदरा वर्षभरात तोकडा पडावा, तसेच हे.

दुसरा आकडा ४५० मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्याच्या दर्शनी भागावर पारपटल नावाचा काचेसारखा पडदा असतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसर त्याचाच सूक्ष्म थर काढून त्याला नवा आकार देतो. या विद्येच्या मुळाशी चेन्नईत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आहेत, हे तुम्हांला ठाऊक असावे. १९८१ साली अमेरिकेतील आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत ते आणि त्यांचे दोन सहकारी एक्झायमर लेसरवर काम करीत होते. सणाच्या मेजवानीतून उरलेले टर्की पक्ष्याचे मांस श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर किरण सोडले. कापलेल्या जागी भाजल्याची खूणही नव्हती! पुढे १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्यांच्या साहाय्याने हा किरण जनावरांच्या डोळ्यांच्या पारपटलावर वापरून पाहिला गेला. काढलेला थर मात्र परत बसवता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किती जाडी उरली, हे हवाई दल मोजते.

पारपटलाशी केलेला खेळ उंचीवर कसा अंगाशी येतो, याचे उदाहरण एव्हरेस्टवर घडले. लेसरपूर्वीच्या पद्धतीत पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा पाडीत. अशी शस्त्रक्रिया झालेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स १९९६ साली शिखराकडे निघाले, आणि विरळ हवेत त्यांची दृष्टी इतकी मंदावली की त्यांना वाटेतच थांबावे लागले. पुढे वादळात सापडून ते मरता मरता वाचले. ही जुनी चिरांची पद्धत हवाई दलाला आजही चालत नाही. लेसरविषयीही आधी शंका होत्याच. अमेरिकी नौदलाने १९९३ पासून त्याची कसून परीक्षा घेतली. ते काम पाहणारे डॉक्टर स्टीव्हन शॅलहॉर्न स्वतः पूर्वी लढाऊ वैमानिक होते. लॅसिक पद्धतीत पारपटलाची एक पातळ झडप उघडून पुन्हा बसवतात. ती झडप वैमानिकाच्या डोळ्यात टिकेल का, याची खात्री पटण्यास २००७ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकी हवाई दलाने वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना लॅसिकची मुभा दिली.

तिसरा आकडा मला सर्वांत कठोर वाटला. डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरहून अधिक नसावी. लेसर पारपटलाचा आकार बदलतो. डोळा आखूड करीत नाही. लांब डोळ्यातील दृष्टिपटल ताणलेले असते व निखळण्याचे भय अधिक असते. चष्मा गेला तरी तो ताण जात नाही. "एका दिवसात चष्म्यापासून मुक्ती" असे फलक मी शहरात पुष्कळ पाहिले आहेत. लांबीचा उल्लेख एकाही फलकावर पाहिला नाही.

"म्हणजे आधी माप, मग कर्ज," मुलीचे वडील हळूच म्हणाले.

एका नातेवाइकाने त्यांना असेही सुचवले होते की, आता शस्त्रक्रिया करावी आणि कोठे बोलू नये. तीही वाट बंद निघाली. पारपटलाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारे यंत्र असते. लेसर कोठे व किती फिरला, हे त्यात उघड दिसते. उलट शस्त्रक्रियेची तारीख व प्रकार लिहिलेला दाखला उमेदवारानेच दाखवावयाचा असतो.

त्याच आठवड्यात पुण्यातील एका रुग्णालयात तिचा डोळा मोजला. लांबी २४.८ मिलिमीटर, पारपटलही पुरेसे जाड. डॉक्टरांनी तिला कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांविषयी आणि रात्री दिव्यांभोवती दिसू शकणाऱ्या वलयांविषयीही सांगितले. "रात्री धावपट्टीचे दिवे असेच दिसले तर?" तिने विचारले. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, सर्वांचा नाही, असे त्यांचे उत्तर होते. ती त्यावर बराच वेळ विचार करीत राहिली.

तिने विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतला. पदवीधरांसाठी हवाई दलाची स्वतंत्र परीक्षा असते. तिला उड्डाण शाखेसाठी २० ते २४ वर्षांचे वय चालते. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ महिने जावे लागतात, म्हणजे हाती उरतात तीनच वर्षे. पतपेढीचे कर्ज वडिलांनी तेव्हा घेतले नाही. विसावे वर्ष पूर्ण झाल्यावर, नंबर दोन वर्षे हललेला नाही हे पाहून, तिने शस्त्रक्रिया करवून घेतली. रात्रीच्या वलयांबद्दल मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पहिले तीन महिने दिसत होती, सर. आता बाबांच्या गाडीत पुढे बसून समोरचे दिवे पाहते, ते स्वच्छ दिसतात."

तिचा बारावा महिना येत्या श्रावणात भरतो. परीक्षेचा अर्ज तिने स्वतःच भरला असून दाखल्याची एक प्रत माझ्याकडे ठेवावयास दिली आहे.